तारेचा पक्का पीळ

पद्माबाईचं सासरचं रान इसापूरच्या धरणात गेलेलं. त्यामुळं होडीत बसली की वरचं पाणीही ती आपल्याच मालकीचं समजायची.

सून करुणा होडीत मासेमारीची नवी चरखी बसवत होती. चरखीवर पोलादी तार, तारेच्या शेवटाला लोखंडी वजन. वजन खोल सोडायचं, गळाची दोरी चिमट्यानं तारेला अडकवायची अन् होडी हळू वल्हवायची. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते.

"मधल्या फळीवर बसवते," करुणा म्हणाली. "अन् तारेचं वरचं टोक चरखीला सुतळीनं बांधते. वजन कुठं अडकलं तर सुतळी तुटंल, होडी वाचंल."

"अन् तार गेली म्हंजे तुझा बाप आणून देणार हाय का?" पद्माबाईनं चरखी ओढून होडीच्या आपल्या बाजूच्या काठावर आवळली. तारेच्या टोकाला पक्का पीळ मारला. बुडू नये म्हणून अंगात घालायचं तरंगतं जाकीट तिनं बसायला खाली घेतलं होतं.

"खाली काय असंल कोणाला ठाव, आत्याबाई."

"मला ठाव हाय. हे आमचं रान, तुझ्या माहेरचं न्हाई. झाडं माझ्यासमोर तोडली. विहीर तिकडं लांब हाय. वल्हव गुमान."

थोडं पुढं गेल्यावर चरखी भरभर फिरली, सगळी तार सरली अन् होडीला हिसका बसला. पद्माबाईनं धरणाच्या काठावरच्या टेकडीकडं पाहिलं. टेकडीच्या बराबर समोर, पाण्याखाली विहीर होती; वजन तिच्यातच उतरून अडकलं होतं. इतक्या वर्षांत ती तिच्या मनात भलतीकडंच सरकली होती.

वारा होडीला रेटत होता, तार सोडत नव्हती. चरखीच्या बाजूनं होडीचा काठ खाली गेला, पाणी आत आलं.

करुणानं तार कापायची पकड काढली. "कापू?"

"थांब जरा."

"मी पोहत जाईन. तुमी तुमचं सांगा."

पद्माबाईला पोहता येत नाही, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. सुनेला होतं. पाणी नडगीला लागलं.

"काप."

"काय म्हनलं?"

"काप म्हनलं ना, भवाने."

तार तुटली. होडी दणका खाऊन सरळ झाली.

"जीव वाचवला म्हणून गावभर मिरवू नको," पद्माबाई म्हणाली.

"तुमचा कोण वाचवला? मी बी होडीतच होते." करुणानं पाणी उपसायचा डबा तिच्याकडं सरकवला.

पद्माबाईनं डबा उचलला.

"माझ्याकडं काहून बघून राहिली? वल्हव."