आधी कुणाचं

नळदुर्गात बसस्टँडच्या मागं नंदीशचा फोटो स्टुडिओ आहे. पुढं दुकान, मधे पडदा, पडद्यामागं घर. नवरदेव मांडवात कितीही घामाघूम झालेला असो, अल्बममध्ये त्याला हिरव्यागार डोंगरापुढं उभा करायची कला नंदीशला चांगली साधली होती. खोड एकच. लग्नसराईत कॅमेऱ्याची कार्डं कमी पडत, मग आजचं लग्न हार्ड डिस्कवर टाकायचं, कार्ड पुसायचं आणि उद्याच्या मांडवात पळायचं. दुसरी प्रत करून ठेवू म्हणता म्हणता सराई संपायची आणि आळस सुरू व्हायचा.

त्या डिस्कवर जळकोटच्या लिंबाजींच्या सोनालीचं लग्न होतं. लग्न झालं उन्हाळ्यात, पण फोटो निवडायचे राहिले म्हणून अल्बम रखडलेला. स्थळ पसंत करायला लोकांना एक बैठक पुरते. फोटो पसंत करायला दिवाळी उजाडते. सोनालीचा भाऊ अमरसिंह फौजेत होता, त्याला बहिणीच्या लग्नाला रजा मिळाली नव्हती. दिवाळीला माहेरी आले की फोटो निवडते आणि भाऊबीजेला दादाला सगळं लग्न मोबाइलवर धाडते, असं ती नंदीशला बजावून सासरी गेली होती.

त्याच डिस्कवर ‘घर’ नावाच्या फोल्डरमध्ये नंदीशची बायको शिवप्रिया होती. दोन वर्षांमागं ती काविळीनं गेली, तेव्हा त्यांची श्रीदेवी जेमतेम पावलं टाकत होती. पोरीला आईचा चेहरा भिंतीवरच्या फोटोमुळं माहीत होता. आवाज मात्र त्या फोल्डरातच उरला होता, कारण मोबाइल भरला म्हणून नंदीशनंच ते सगळे व्हिडिओ डिस्कवर हलवले होते.

खंडेनवमीला नंदीशची आई शरणम्मा दुकानातली सगळी अवजारं पाटावर मांडून पूजा करी. कॅमेरे, दिवे, स्टँड, एकेकाला ओल्या विभूतीचे तीन पट्टे आणि वर झेंडूचं फूल. दरवर्षी नंदीश सगळी यंत्रं आधीच बंद करून ठेवायचा. यंदा एका गिऱ्हाइकानं घाई लावली होती, म्हणून डिस्क चालूच ठेवून तो हार आणायला चौकात गेला. हिचीच तेवढी पूजा राहायला नको म्हणून शरणम्मानं डिस्क उचलली. हात विभूतीनं ओला, वायर ताणलेली. डिस्क निसटून फरशीवर आदळली. म्हातारीनं ती पदरानं पुसली, तिला पट्टे ओढले आणि फूल वाहून पाटावर ठेवली. नंदीश आला तेव्हा फुलाखालून टकटक आवाज येत होता.

तो आईला काही बोलला नाही. डिस्क जुनीच होती, कधीतरी जाणारच होती, एवढंच म्हणाला. बोलला असता तर बरं झालं असतं, कारण त्या दिवसापासून शरणम्मा ताटावरून अर्धवट उठायला लागली. रोज दिवा लावताना ती एकच विचारायची, की शिवप्रियाचं येईल ना परत.

सोलापुरात रुद्रेश नावाचा एक जण बिघडलेल्या डिस्कमधली माहिती काढून देतो असं कळलं. नंदीश डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं गेला. रुद्रेशनं ती ठेवून घेतली, आतला वाचणारा भाग बदलला आणि काही दिवसांनी त्याला बोलावून घेतलं. पडद्यावर फोल्डरांची नावं दिसत होती. ती पाहून नंदीशला रडू फुटायचं बाकी होतं.

“नंदीशभाऊ, लगेच खूश होऊ नका,” रुद्रेश म्हणाला. “तबकडीवर चरा पडलाय. वाचायला लागलो की तो वाढत जाणार. आधी काय काढू तेवढं सांगा. मागचं मिळंल का न्हाय, माझा भरवसा न्हाय.”

लिंबाजींचा चेहरा नंदीशच्या डोळ्यांपुढं आलाच नाही, असं खोटं कशाला सांगा. आला, आणि त्यानं तो बाजूला सारला.

“आधी घरचं काढा,” तो म्हणाला.

घरचं सगळं आलं. सोनालीच्या हळदीचे चार तुटके तुकडे आले आणि डिस्क कायमची बंद पडली.

त्या संध्याकाळी टीव्हीवर शिवप्रिया बोलायला लागली तशी शरणम्मा ओक्साबोक्शी रडली आणि मग पोटभर जेवली. श्रीदेवी टीव्हीजवळ जाऊन आईच्या गालावर हात फिरवत राहिली. नंदीशला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं. ते वाटणं दिवाळीपर्यंत टिकलं.

वसुबारसेच्या दिवशी लिंबाजी आणि सोनाली दुकानात आले. सोनालीनं करंज्यांचा डबा काउंटरवर ठेवला आणि खुर्ची ओढून फोटो निवडायला बसली. शरणम्मा नातीला घेऊन देवळात गेली होती. नंदीशनं चहा मागवला आणि चहा आल्यावर, मान वर न करता, डिस्क पडल्याचं सांगितलं. सोलापूरपर्यंत जाऊन आलो, हळदीचं थोडं सोडलं तर काही हाती लागलं नाही, म्हणाला.

सोनालीचे डोळे भरले. लिंबाजींनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनीच नंदीशच्या खांद्यावर हात ठेवला.

“आमचं लगीन गेलं तर गेलं. पण शिवप्रियाचं बी त्यातच आसंल की रं. पोरीला आता काय दावशील?”

एवढ्यावर तरी नंदीशनं खरं सांगायचं. त्यानं नुसती मान हलवली, आणि ती कशीही समजून घेता येईल अशी हलवली.

शरणम्मा मागच्या दारानं कधी आली ते त्याला कळलं नाही. पडद्यामागं टीव्ही लागला.

“आवो, कॅमेरा ठिवा की खाली. ताट वाढलंय, निवून चाललंय,” शिवप्रिया म्हणाली आणि हसली.

ती होती तोवर लग्नाच्या तारखा फोनवर तीच लिहून घ्यायची, लिंबाजींच्या भावकीतल्या लग्नांच्यासुद्धा. हा आवाज लिंबाजींना ओळखू येणारच होता. खांद्यावरचा हात त्यांनी उचलला.

“आमचं मागं ठिवलं व्हय?”

“व्हय, मामा,” नंदीश म्हणाला. “आधी घरचं काढा म्हणालो म्या.”

लिंबाजी ओरडले नाहीत. “तसं सांगायचं हुतं. आमी काय न्हाय म्हणलो आसतो?” एवढंच बोलून ते उठले. दोघांचा चहा तसाच राहिला. सोनाली दाराशी थांबली, तिनं डोळे पुसले.

“वहिनीचं सगळं आलं का, दादा?”

“आलं.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग ती बापाच्या मागोमाग रस्त्याला लागली.

आतून श्रीदेवी हाका मारत होती, आई बोलतीय, या की. नंदीश करंज्यांच्या डब्यापुढं उभा राहिला. ज्या आवाजासाठी त्यानं हे सगळं केलं, तो कुणीतरी बंद करावा असं त्याला वाटत होतं, आणि बंद कर म्हणायला तोंड उघडत नव्हतं.