न उमललेली गोळी

"ही बघ." व्हर्नाने एल्क हरणाच्या पलीकडच्या खांद्यातून चिमट्याने गोळी उपसली आणि टेबलावर टाकली. "काडतुसांच्या डब्यातून काढली तशीच्या तशी."

रॉयने शेडचं दार लोटून घेतलं. तो शिकारीच्या सहली न्यायचा; आजचं गिऱ्हाईक बाहेर गाडीत बसलं होतं. "हळू बोल गं. त्याला सांग, छान उमलली. पुढच्या चार वर्षांचं बुकिंग आहे त्याचं."

"किती लांबून मारलं?"

"सातशे यार्ड. गोळीच्या जाहिरातीत तर आठशे म्हणतात."

"जाहिरातवाले मांस कापतात का?"

मोंटानातल्या त्या गावात व्हर्ना एकतीस वर्षं शिकाऱ्यांची जनावरं कापून, बांधून देत होती. मांसात सापडलेली गोळी धुऊन शिकाऱ्याच्या हातात ठेवायची, हा तिथला रिवाज. त्यातूनच ती गोळ्यांचं वागणं शिकली. पन्नास यार्डांवर वेग इतका, की गोळीच्या चिंध्या होतात आणि अर्धा खांदा फेकावा लागतो. दोनशेवर ती नीट उमलते, म्हणजे टोक फुलासारखं पसरून आत रुंद जखम करते. जनावर चार पावलांत बसतं. पुढे वेग उतरत जातो. सेकंदाला अठराशे फुटांच्या खाली आला, की या जातीची गोळी उमलत नाही. दाभणासारखं भोक पाडते, आणि जनावर चालत राहतं. हे जनावर दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं होतं. मागच्या फऱ्याचं मांस आंबलं होतं.

"तुझं निम्मं काम माझ्याकडून येतं, व्हर्ना."

"येतं ना. म्हणून तर तुझ्याच गोळ्या जास्त पाहिल्यात मी."

ती गाडीपाशी गेली, काच खाली करायला लावली आणि गोळी शिकाऱ्याच्या तळहातावर ठेवली. "उमलली नाही. फार लांबून मारलंत."

तो गोळीकडे बघत राहिला. "त्याला त्रास झाला असेल?"

"झाला. बराच वेळ."

रॉयने हरीण परत गाडीत चढवलं. "उद्यापासून माझी जनावरं पलीकडच्या गावात. तू बस चिमटा घेऊन."

"तिथल्या खाटकाकडे चिमटा नसला म्हणजे मिळवलंस."

दुसऱ्या दिवशी तिने एक फळी रंगवून रस्त्याकडे टांगली : चारशे यार्डांपलीकडून मारलेलं जनावर इथे कापून मिळणार नाही.

दुपारपर्यंत शिकाऱ्यांच्या तीन गाड्या फळीपाशी हळू झाल्या आणि पुढे गेल्या. व्हर्ना दारात उभी राहून सुरीला धार लावत होती. चौथी हळू झाली तेव्हा ती थांबते की जाते हे बघायला तिने मान वर केली नाही.