ढोम्याचं पोट

टेबलावर दोन पुस्तकं होती आणि मत्स्य खात्याला त्यातलं एकच घ्यायचं होतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक धक्क्यावर मासळीची नोंद करणारी माणसं असतात, त्यांना मासे ओळखायला. एक पुस्तक गुळगुळीत, रंगीत फोटोंचं. दुसरं जाडजूड, नुसत्या काळ्या रेघांच्या चित्रांचं, बघूनच जांभई यावी असं. माझी लेक त्या खात्यात नवी, निवडीचं काम तिच्याकडे. कार्टी त्या दुसऱ्यावरच अडून बसली.

साहेबांना फोटो आवडले होते. निकाल लावायला त्यांनी मला बोलावलं. तीस वर्षं मी धक्क्यावर मासळी निवडते, साफ करते. माझा शब्द तिथे कोणी खाली पडू देत नाही. मी जरा तोऱ्यातच गेले, खोटं कशाला बोलू.

लेकीने ट्रेमध्ये वीतभर लांबीचे दोन ढोमे ठेवले. "साहेब, हे दोन वेगळे मासे आहेत. फोटोंवरून ते कळत नाही."

"मावशी, तुम्ही सांगा," साहेब म्हणाले.

मी दोन्ही उलटसुलट करून पाहिले, कल्ले उघडून पाहिले. "ढोमेच की दोन्ही. एकाच टोपलीत जातात. त्यात वेगळं काय आहे?"

बोलून गेले आणि मग तिचा चेहरा पाहिला. तिच्या महिन्याभराच्या कामावर मी एका वाक्यात पाणी फिरवलं होतं. साहेबांनी फोटोंचं पुस्तक पुढे ओढलंसुद्धा. आता ही गप्प बसणार, मला वाटलं. माझ्यापुढे भलेभले गप्प बसतात.

"आई, तुझं चुकतंय," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही तिने. सुरी घेतली, दोन्ही पोटं चिरली आणि आतडी बाजूला सारून हवेची पिशवी अलगद मोकळी केली. एकाची हातोड्यासारखी, पुढे आडवी. दुसऱ्याची गाजरासारखी निमुळती. रेघांच्या पुस्तकात दोन्ही जशाच्या तशा काढलेल्या होत्या. फोटोवाल्यांनी माशाचं पोट उघडलंच नव्हतं.

मी बघतच राहिले. याच पिशव्या मी तीस वर्षं बोटांनी ओढून बादलीत टाकत आले. सगळा धक्का मला विचारून मासे ओळखतो आणि मी एकदाही खाली वाकून पाहिलं नव्हतं.

"चुकलं माझं, साहेब," मी म्हणाले. "हिचं पुस्तक घ्या. सुरी तर प्रत्येक धक्क्यावर असतेच."

साहेबांनी दोन्ही पिशव्या पुन्हा एकदा पाहिल्या आणि लेकीच्या कागदावर सही केली. ती हात धुवायला गेली तेव्हा मी पदराने डोळे पुसून घेतले. अभिमानाने ऊर भरून आला होता, तो काही लपत नव्हता.

धक्क्यावर परतले तर बायका वाटच बघत होत्या. काय झालं, काय झालं.

"काय होणार? माझं चुकलं," मी सांगितलं, "चारचौघांत, साहेबांसमोर. आता चूक कोणी काढली ते विचारा."