पटलेली गोष्ट

नागसेन रामटेके यांनी धरमपेठेतल्या एका कॉलेजात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि दर रविवारी मानेवाड्यातल्या आपल्या वस्तीच्या विहारात ते धम्मावर बोलले. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. आजोबांची श्रद्धा साधी होती, प्रश्न न विचारणारी. नागसेनना तेवढं पुरत नसे. आपला धम्म तपासून घेता येतो म्हणूनच तो आपला, असं ते सांगत. आत्मा, पुनर्जन्म, नशीब यांवरून कोणी वाद घालायला आलं, तर ते त्याला बसायला खुर्ची देत आणि एकेक प्रश्न विचारत राहत. आवाज चढत नसे. समोरचा माणूस शेवटी स्वतःच गप्प होई.

त्यांची बायको प्रेमिला पारशिवनीजवळच्या एका खेड्यातली. गावातल्या चिंचेखाली मेलेल्या बाळंतिणी दिसतात, असं ऐकत ती वाढली होती. लग्नानंतरही संध्याकाळी अंगणात एकटी जायला ती घाबरे. नागसेननी तिला शांतपणे समजावलं, की मेल्यावर फिरायला मागे काही उरतच नाही. हळूहळू तिची भीती गेली. विहारात नव्या सुना आल्या की ती त्यांना हे सांगे, आणि सांगताना नवऱ्याकडे बघे.

दीक्षा त्यांची एकुलती एक मुलगी. इंजिनियर होती, बोलघेवडी, बापाशी जेवताना वाद घालणारी. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला डेंगू झाला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात प्लेटलेट चढवल्या, डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं, पण ती वाचली नाही. पुण्यानुमोदनाला, तिच्या शोकसभेत, नागसेन स्वतः बोलले. जे जन्मतं ते जातं, एवढंच त्यांनी सांगितलं आणि खाली बसले. सर किती खंबीर आहेत, असं लोक बाहेर म्हणत होते.

प्रेमिलाचं जेवण सुटलं. एका सकाळी तिनं विचारलं, "दीक्षा आता कुठं असंल हो?"

नागसेन म्हणाले, "वात विझली की ज्योत कुठं गेली असं आपण विचारत नाही, प्रेमिला."

तिनं मान हलवली. हे तिनं विहारात कितीदा तरी ऐकलं होतं.

समोरच्या घरात यमुताई राहत. भाविक बाई, सडा घातल्याशिवाय चहा न घेणारी. दुपारी त्या प्रेमिलाजवळ येऊन बसत, कधी बळेच आपल्या घरी नेत. त्यांची सून भूमिका त्याच सुमारास बाळंत झाली होती. मुलीचं नाव खुशी ठेवलं. एकदा खुशीला प्रेमिलाच्या मांडीवर देऊन यमुताई सहज बोलून गेल्या, की गेलेलं माणूस असं जात नसतं, जवळपासच कुठंतरी परत येतं.

प्रेमिला रोज समोर जाऊ लागली. बाळाला तेल लावी, न्हाऊ घाली. घरी येऊन दोन घास खाई. तिनं जुन्या मऊ साडीची दुपटी शिवली. नागसेनना बरं वाटलं. बाळाचा लळा लागला, एवढंच त्यांना वाटत होतं.

मग दिवाळीनंतर एके दिवशी भाजी निवडता निवडता प्रेमिला म्हणाली, "खुशीच्या कानामागं तीळ आहे. आपल्या दीक्षाले होता, तसाच."

तिचा चेहरा उजळला होता. नागसेनना ते सहन झालं नाही. दुसऱ्या कोणाचं असतं तर त्यांनी सोडून दिलं असतं. पण ही त्यांची प्रेमिला होती. ते तिच्यासमोर बसले आणि नेहमीच्या सुरात विचारू लागले. तीळ किती मुलांना असतात? या बाळाला दीक्षाची एक तरी आठवण आहे का? देह तिचा नाही, आठवण तिची नाही, स्वभाव अजून घडायचा आहे. मग इकडून तिकडं गेलं ते काय?

प्रेमिला प्रत्येक प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देत गेली. तिला खोटं उत्तर देता येत नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "मग त्याले दीक्षा काहून म्हणायचं वं?"

तिनं हातातली मेथीची काडी खाली ठेवली. "पटलं," म्हणाली, आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं समोर जाणं सोडलं. यमुताई बाळ घेऊन आल्या, तर तिनं घेतलं, थोडं खेळवलं आणि परत दिलं, शेजाऱ्याचं मूल देतात तसं. पुन्हा जेवण सुटलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं ती नुसती झोपून राही. हाताची हाडं दिसायला लागली, तेव्हा नागसेन घाबरले.

ते यमुताईंकडे गेले. तुम्ही प्रेमिलाला सांगत होता ते पुन्हा सांगा, असं त्यांनी मान खाली घालून म्हटलं. यमुताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सांगून पाहिलं, सर," त्या म्हणाल्या. "त्या मलेच समजावतात आता."

मग नागसेननी स्वतः प्रयत्न केला. पलंगाजवळ खुर्ची ओढून ते म्हणाले, की आपल्याला जगातलं सगळं कुठं कळलं आहे? एखादी गोष्ट सिद्ध झाली नाही म्हणजे ती नाहीच, असं होत नाही. खुशीत दीक्षाचं काही आलं असेलही. जन्मात पहिल्यांदा ते दुसऱ्या बाजूनं बोलत होते, आणि त्यांचा आवाज लागत नव्हता.

प्रेमिलानं सगळं ऐकून घेतलं.

"खोटं सिद्ध झालं नाही म्हणून कायबी मानायचं," ती म्हणाली, "तर चिंचेखालच्या बायाबी खऱ्या मानाव्या लागतीन. तुम्हीच शिकवलं ना हे मले."

नागसेननी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"माह्या मनात तुमचा राग नाही," ती पुढं म्हणाली. "तुम्ही बोलले ते खरंच आहे. फक्त थोडे दिवस थांबले असते तर चाललं असतं. माह्यं मलेच कळलं असतं हळूहळू."

दीक्षा गेल्यापासून नागसेन रडले नव्हते. त्या दुपारी ते पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडले. प्रेमिलाचा हात त्यांच्या पाठीवर होता, पण तिनं त्यांना थांबवलं नाही.

नंतरच्या पौर्णिमेला दोघं विहारात गेली. तिला रिक्षातून उतरायला आधार लागला. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, आणि सगळे सवयीनं नागसेनांकडे बघू लागले. ते उठले नाहीत. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं आपला गेलेला मुलगा आता कुठं असेल, असं विचारलं. नागसेन सरकून तिच्याशेजारी सतरंजीवर बसले आणि तो कसा होता, असं तिला विचारलं. ती सांगत राहिली. प्रेमिला भिंतीला टेकून ऐकत होती.