पडताळणीचा दिवस

आयटीआयत शिकवायला बायकोची निवड झाली त्या दिवशी रुपराव धकातेने अख्ख्या सक्करदऱ्यात पेढे वाटले आणि घरी येऊन उपाशी झोपला. जळत होता, दुसरं काही नाही.

जळू नये तर काय, आरती ओवाळावी? आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन वर्गात दोघं एकत्र शिकले. पहिला नंबर त्याचा, तिचा सातवा. पुढे अकरा वर्षं तो तासिका तत्त्वावर पोरांना वायरिंग शिकवत राहिला. लग्नानंतर तिने वर्षभराचं निदेशक प्रशिक्षण घेतलं, तेव्हा यानेच टर उडवली होती, "कागदानं लाइट लागते का वं?" आता कायम भरती निघाली, तर नियम असा की ते प्रशिक्षण नसेल त्याने अर्जच करू नये. अकरा वर्षांचं मुसळ केरात!

उरली होती कागदपत्रांची पडताळणी. रुपरावच्या डोक्यात किडा वळवळला. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून त्यानेच तिचं नाव बदललं होतं. पंचफुला म्हणायला मित्रांपुढे लाज वाटायची, म्हणून मयुरी. म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र एकीचं आणि नोकरी मागणार दुसरी. दोघी एकच, हे सांगणारा कागद एकच, विवाह नोंदणीचा दाखला. तो त्याने गुपचूप कपाटातून काढून खिशात घातला आणि मजा बघायला तिच्यासोबत निघाला. तिने दाखला शोधलासुद्धा नाही. याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"पंचफुला बाबाराव निनावे!" शिपायाने पुकारलं.

मयुरी उठली. दहावी, आयटीआय, प्रशिक्षण, अर्ज, सगळीकडे तेच नाव, तेच माहेरचं आडनाव. दहा मिनिटांत शिक्का बसला.

"मयुरी नाव काहून नाही लावलं?" बाहेर येताच तो डाफरला.

"कागदावर नाव बदलाचं म्हणजे गॅझेट, अमकं, ढमकं. म्हणून ट्रेनिंगच्या वेळेपासून जुनंच ठेवलं. फाइल तर घरातच होती जी. तुम्ही कधी उघडून नाही पाह्यली."

रुपरावने खिशातला दाखला आणखी आत ढकलला. ज्या पंचफुलाची त्याला लाज वाटायची, तिचाच आता हेवा वाटायला लागला.

"ऐका ना," गाडीवर बसता बसता ती म्हणाली, "ट्रेनिंगचे फॉर्म निघून राहिले. तुमचा भरून देऊ? तुमच्यासारखं शिकवणं मले अजून जमत नाही."

ती हे मनापासून म्हणत होती. टोमणा मारला असता तर रुपरावला भांडता तरी आलं असतं.