भातात टांगलेलं गाऱ्हाणं

लाडूनं तबकडी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरली होती. रामनगरच्या बसमधी शेजारच्या म्हातारीला राहवंना.

"काय गा, कोंबडीचं पिल्लू हाय काय?"

"न्हाई आज्जी. गाऱ्हाणं हाय."

म्हातारी जरा लांब सरकून बसली. तिचं काय चुकलं म्हणा. टॉवेलात बांधून गाऱ्हाणं कोण नेतंय?

तर झालं असं. गुंद गावाच्या पलीकडं, रानात, लाडूचं मूठभर घरांचं गाव. नव्याच्या दिवशी, म्हंजे भाताची पहिली कणसं देवाला वाहतात त्या दिवशी, देवाच्या रानात सगळी जमतात आणि गाऱ्हाणं घालतात. रानातले, पाण्यातले, वाटेवरचे, वेशीवरचे सगळे देव एकामागनं एक नावानं हाकारायचे. ज्याची जागा त्याला. हे गाऱ्हाणं लाडूच्या घरानं घालायचं, आणि पहिलं "व्हय म्हाराजा" गावातल्याच महाबळेश्वर नावाच्या गड्याच्या घरानं म्हणायचं. त्यानं म्हटलं की मग गावानं. एखादा देव राहिला, मागंपुढं झाला, तर महाबळेश्वर गप्प बसणार. आणि तो गप्प बसला की पुढल्या वर्षापासनं गाऱ्हाणं त्याच्या घरात गेलं. कुणी ठरवलं ते ठाऊक न्हाई, पण ठरलंय.

आणखी एक खोडा. हे गाऱ्हाणं एरवी तोंडातनं काढायचं न्हाई. शिकायचं ते त्याच दिवशी, बापाच्या मागं उभं राहून, कानानं. आणि लाडू दरवर्षी ऐन त्याच वक्ताला गोव्यात कामावर. बा त्याचा, कृष्णाप्पा, म्हणायचा, "मी हाय की! मरतोय व्हय लगेच?"

मेला न्हाई. पण मिरगात त्याच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं आणि जीभ घेऊन गेलं. डोळं आणि डावा हात, एवढंच बोलायचं राहिलं.

आता नवं परवावर आलेलं. गाऱ्हाणं लाडूनं घालायचं. आणि लाडूला पहिल्या चार देवांच्या पुढं काय येत न्हवतं.

राहिली होती ती एक तबकडी. मागं एका वर्षी रामनगरचा वासू फोटोवाला गावातल्या लग्नाला आल्ता. नवं आदल्या दिवशीच होतं, तर कृष्णाप्पाला विचारून त्यानं गाऱ्हाणंबी कॅमेऱ्यात उतरवलं आणि डीव्हीडी करून दिली. घरच्यांनी बघितली. कृष्णाप्पा म्हटला, "डब्यानं म्हटलेलं देव ऐकत न्हाई," आणि तबकडी गेली फळीवर. फळीवरनं गेली भातात. डुकरं यायला लागली तशी केशरनं, लाडूच्या बायकोनं, फळीवरच्या सगळ्या तबकड्या दोरीला बांधून भातात रोवलेल्या मेढीवर टांगल्या. चकाकतात, डुकरं बिचकतात. सगळं गाव टांगतंय.

लाडूनं तोंड वाजवलं तर म्हणाली, "आवं, देव हाय म्हणून लिहिलंय काय त्याच्यावर? तुमच्या मारामारीच्या पिक्चरांतच होती ती."

वाऱ्यानं गरगरून, मेढीला आपटून तबकडीची कड ओरखड्यांनी पांढरी झाल्ती. मधल्या भोकाला, दोरी घासत होती तिथं, केसाएवढी चीर. घरच्या प्लेयरात घातली तर तो घुरघुरला आणि डिस्क न्हाईच म्हटला.

वासूच्या दुकानात लाडूनं टॉवेल सोडला. वासूनं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"तुझ्या कॉम्प्युटरात असंल की अण्णा," लाडू म्हटला.

"होतं. पावसाळ्यात हार्ड डिस्क बसली. तुझं गाऱ्हाणं, गावोगावची लग्नं, सगळं घेऊन बसली."

"दुसरी कापी?"

"ठेवायला पायजे होती. बॅकअप म्हणतात त्येला. सगळ्यांस्नी मीच सांगतो, ठेवा म्हणून."

त्याच्या कॉम्प्युटरातला डीव्हीडी वाचायचा-लिहायचा बर्नरबी म्हातारा. खण टाचणी घालून उघडावा लागला. तबकडी आत गेली, खरखरली, तशीच बाहेर आली.

"ह्येला आता दिसत न्हाई," वासू म्हटला. "लगीनसराई तोंडावर आलीया, मला नवीन घ्यायचाच हाय. चल नागराजाकडं. घेऊ एक, बघू तुझं नशीब."

नागराजाचं दुकान बाजारातच. गडी कानडी, मराठीत कानडी मिसळून बोलायचा. बर्नर होते दोन. त्यानं दोन्ही खोकी काचेवर ठेवली आणि वर हात ठेवला.

"आधीच सांगतो. खोकं उघडलं की विकलं. ट्रायल ब्याड."

"म्हंजे घालून बघायचं न्हाई?" लाडू म्हटला.

"पोरगी बघायला आलाय काय? घ्यायचं, मग घालायचं. हे नोड्री, हे दोड्डं, मोठं. कॉम्प्युटरच्या पोटात बसतंय. चोवीस स्पीड. चहा पिऊन येईस्तोवर डीव्हीडी तयार. आणि हे सण्णं, बारकं. बाहेरनं वायरीनं लावायचं. स्पीड कमी."

वासूनं सण्ण्याकडं बघितलंबी न्हाई. "दोड्डंच दे. लग्नाच्या कापी ढिगानं काढायच्या असतात. ह्या गोगलगाईवर लिहीत बसलो तर कापी मिळंस्तोवर नवराबायकोला पोरं हुतील."

नागराज खोक्याची पट्टी फाडायला लागला. लाडूनं तबकडी पुढं केली.

"नागराजण्णा, थांब जरा. ही ह्याच्यात घालायचीया. चालंल न्हवं?"

नागराजानं तबकडी उजेडाला धरली. भोकाजवळ आला आणि थांबला.

"अय्यो! चीर हाय की. दोड्ड्यात घालू नको बाबा. ते लई जोरात फिरवतंय. मागं एकाची अशीच आत फुटली. बंदूक उडाल्यागत वाजलं, आणि उघडून बघितलं तर चुरा."

"आणि सण्ण्यात?"

"हळू फिरवतंय. टिकंल, न टिकंल. ग्यारंटी इल्ला."

लाडूनं वासूकडं बघितलं. वासू खोक्यांकडं बघत होता.

"लाडू, नीट ऐक," वासू म्हटला. "मी दुकानासाठी बर्नर घेतोय. तुझ्या देवासाठी न्हाई. हे सण्णं दिसायला नाजूक, रोज राबवलं तर एक हंगाम काढंल का न्हाई कुणास ठाऊक. दोन घ्यायची ताकद न्हाई माझी."

लाडूच्या खिशात परतीच्या बसपुरतं. तो तबकडी टॉवेलात गुंडाळायला लागला. परवा सगळं गाव उभं असंल. बा बाजल्यावरनं बघत असंल. आणि पाचव्या देवाला आपण तोंड उघडून उभं.

"तुझं बरोबर हाय अण्णा," तो म्हटला. "मी मागू शकत न्हाई. केशर सांगत हुती, बानं त्या वर्षी शेवटाला तुझंबी नाव घेतलं होतं. म्हणून आलो, एवढंच."

वासू मग नागराजालाच सांगायला लागला, लाडूला न्हवं.

"नाव न्हवतं माहीत म्हाताऱ्याला. पेटीवाला म्हटला. 'ह्यो पेटीवाला पाव्हणा रानात आलाय, ह्येच्या पेटीला संभाळ.' सगळं गाव माझ्यासाठी व्हय म्हाराजा म्हटलं. मला असं हसू आलं, कॅमेरा हालला."

"मग संभाळलं काय पेटीला?" नागराजानं विचारलं.

"कॅमेरा अजून तोच चालतोय."

"हार्ड डिस्क गेली की."

"हार्ड डिस्काचं म्हातारा बोल्लाच न्हवता."

नागराज खो खो हसला. वासू हसला न्हाई. त्यानं दोड्डं खोकं मागं ढकललं.

"काढ तुझं सण्णं."

वासूच्या दुकानात येऊन वायर जोडली. वासूनं तबकडी दोन बोटांनी अलगद बसवली. घूं... घूं... असा बारीक आवाज. थांबला. परत घूं. लाडूला वाटलं झालं, हेबी तोंड फिरवतंय. तेवढ्यात पडद्यावर फाईली दिसल्या.

"आली!"

"वरडू नको. चालवून बघायची न्हाई. आधी एक एक फाईल उतरून घेऊ, मग बघू. चीर वाढायच्या आत."

पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पायानं सरकायला लागली. पहिली फाईल आली. दुसरी आली. तिसरीला पट्टी अडकली, आणि आत कायतरी टिक टिक करायला लागलं, पाल चुकचुकल्यागत.

"थांबवू काय?" वासू म्हटला. "बाहेर काढली तर परत घेईल याची खात्री न्हाई. न्हाई काढली तर आत फुटायची."

"ऱ्हाऊ दे."

तिसरी आली. शेवटची फाईल कडेच्या ओरखड्यांवरची. पट्टी निम्म्यावर गेली आणि टक् करून आवाज झाला. बर्नर गप. वासूनं खण उघडला तर तबकडी भोकापासनं कडेपर्यंत उकललेली, पापडागत.

दोघंबी बघत राहिली.

"बर्नर वाचला," वासू हळूच म्हटला. "जे आलं ते आलं."

त्यानं मग दोन तबकड्या लिहिल्या. सावकाशच, गोगलगाईनं. एक नुसत्या फाईलींची. "ही बॅकअप, माझ्या कपाटात. आता मी शिकलो." आणि दुसरी पिक्चरची, घरच्या प्लेयरावर चालंल अशी. वर मोठ्या अक्षरात लिहिलं: भातात टांगू नये.

दुसऱ्या दिवशी घरात प्लेयर लावला. पडद्यावर कृष्णाप्पा ताठ उभा. आवाज असा, की बाहेरचं कुत्रं उठून दारात आलं. बाजल्यावरचा कृष्णाप्पा पडद्यावरच्या कृष्णाप्पाकडं बघत पडला होता. लाडू ओठ मिटून ऐकत होता, देव मनात रचत होता. सगळे आले. पाण्याचे, वाटेचे, उळवीच्या वाटेवरचा राखणदार, वेशीचा. वेशीचा संपला आणि म्हातारा म्हटला, "आता म्हाराजा..." आणि चित्र थिजलं. तोंड उघडं, हात वर.

लाडूनं कितींदा तरी परत लावलं. तिथंच थिजायचं.

"बा, फुडं काय? आणखी देव हायत?"

कृष्णाप्पानं डावा हात झटकला. माशी हाकलल्यागत. परत विचारलं, परत झटकला.

"रागावलेत," केशर म्हटली. तिचा आवाज पडला होता. "मी टांगली म्हणून."

नव्याच्या दिवशी देवाच्या रानात कणसं ठेवली. कृष्णाप्पाला बाजल्यासकट उचलून आणला. महाबळेश्वर समोर, मुठीत तांदूळ घेऊन. मिशीचा, जाड मानेचा माणूस. लाडूकडं बघून म्हटला, "गोव्यासनं शिकून आलास काय गा?" दोघंतिघं हसली.

लाडूनं सुरुवात केली. पहिला देव, दुसरा. पाचव्याचंबी नाव आलं. महाबळेश्वराची बोटं मुठीत हालत होती, प्रत्येक नावाला एक, मोजत असल्यागत. पाण्याचे गेले. वाटेचे गेले. वेशीचा गेला.

"आता म्हाराजा..."

आणि लाडू थिजला. अगदी पडद्यावरच्या बापागत, तोंड उघडं, हात वर. कुणीतरी खोकलं. महाबळेश्वरानं मूठ आवळली आणि मान वर केली. केशरनं पदर दातात धरला. लाडूनं बापाकडं बघितलं. म्हाताऱ्याचा डावा हात उठला आणि झटकला. जा. जा फुडं.

जे पोटात होतं तेच आलं.

"आता म्हाराजा, फुडचं माझ्याकडं न्हाई. फुडचं वाऱ्यानं खाल्लं. माझ्या बायकोनं अजाणता भातात टांगलं, तिच्यावर कोपू नको. माझ्या बाची जीभ गेलीया, ती कुठं असंल तिथं संभाळ. रामनगरच्या पेटीवाल्यानं आपलं नुकसान करून मला वाट दिली, त्याच्या पेटीला आणि हार्ड डिस्कालाबी राख. डुकरं तुझीच हायत, ती जगू देत, पण आमच्या भातात नको. एवढंच हाय म्हाराजा. कमी पडलं असंल तर दोष माझ्या पदरात घाल."

महाबळेश्वर गप्प.

महाबळेश्वर लाडूकडं न बघता बाजल्याकडं बघत होता. कृष्णाप्पाचं डोळं त्याच्यावर रोखलेलं. दोन म्हातारी बैलं एकमेकाकडं बघतात तसं.

मग महाबळेश्वरानं मूठ उघडली, तांदूळ फेकलं आणि रान दणाणलं.

"व्हय म्हाराजा!"

मागनं सगळं गाव. लाडू तिथंच खाली बसला.

महाबळेश्वर जवळ आला, नारळाचा तुकडा त्याच्या हातात ठेवला.

"मला वाटलं, शेवटाला थांबशील आणि रडशील. आरं येड्या, वेशीच्या फुडं पाठ करायचं काय नसतंच. त्या वर्षाचं जे असंल ते मागायचं. तुझा बा दरवर्षी वेगळं मागायचा. एकदा तर माझ्या म्हशीसाठी मागितलं होतं."

"मग एवढा वेळ गप्प का होतास मामा?"

"हार्ड डिस्क म्हंजे काय ते कळंना. व्हय म्हणायच्या आधी इचार नको करायला?"

बाजल्यावर कृष्णाप्पाचं अर्धं तोंड हसलं. डावा हात परत एकदा झटकला, तसाच, माशी हाकलल्यागत.

केशर मात्र त्याच दिवसाला भातातनं सोडून आणलेल्या पिक्चरांच्या तबकड्यांवर कोळशानं फुल्या मारत बसली. फुली असंल तीच भातात जायची.