कोरड्या शाईचा कौल

"हात उचल गो डावरे, वल्ला हाय अजून!"

राजाबाईचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ती माझ्या आईची मावशी. उरणच्या मोरा बंदराच्या आसपास कुठेही मांडव पडला की धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला तिलाच बोलावणं जायचं. तिच्या गाण्याशिवाय आमच्यात नवरीला हळद लागत नसे. स्वतःला एक अक्षर येत नव्हतं, पण मी अभ्यासाला बसले की शेजारी येऊन टेकायची. मी डावखुरी. लिहिलेल्या ओळीवरूनच माझा हात पुढे सरकायचा आणि मागची सगळी शाई तळहाताला लागायची. मग ती हसून जुळवून गायची:

डाव्या हाताची गो लेक, हात झाला निला निला,
वालू दे गो अक्षराला, मंगं टेक हाताला.

ओली शाई पुसली जाते. त्यात दैवी काही नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. पण खारघरमधल्या एका माणसाने एवढ्याशा गोष्टीवर अख्खा दरबार उभा केला होता, आणि माझ्या भावाच्या लेकीचं लग्न त्या दरबारात अडलं.

मसीनाथ महाराज एका टॉवरच्या तळमजल्यावर बसत. आधी तिथे जिम होती. गुरुवारी सकाळपासून रांग. बारावीच्या पोरांच्या पेनांवर फुंकर मारून घ्यायला आलेल्या आया, प्लॉटसाठी भांडणारे सख्खे भाऊ, इंटरव्ह्यूला निघालेला टाय लावलेला मुलगा. जुन्या आरशांसमोर अगरबत्त्या जळत होत्या, त्यामुळे गर्दी दुप्पट दिसे आणि महाराजही दोन दिसत.

कौलाची रीत सोपी होती. महाराजांच्या पेनाने कोऱ्या कागदावर मनातलं खरं लिहायचं. महाराज लगेच त्यावरून पांढरा रुमाल फिरवत. अक्षर टिकलं तर माणूस खरा, फरफटलं तर खोटा.

"मन म्हणजे काय? व्हायब्रेशन!" महाराज माइकवर सांगत होते. "खोट्या मनाला घाम फुटतो. तो घाम बोटातून लेखणीत, लेखणीतून शाईत! परदेशातले शास्त्रज्ञ आले होते बघायला. मी म्हटलं, प्रश्न नंतर विचारा, आधी बूट बाहेर काढा!"

लोक हसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे बसलेल्या एका बाईने डोळे पुसले.

त्या दिवशी आम्ही आलो होतो ते माझ्या भावाची लेक जाई आणि तिचा केयूर यांच्यासाठी. दोघं कॉलेजपासून एकमेकांना ओळखत होती. आमचे लोक उरणचे, आगरी. केयूरचे लोक साताऱ्याकडचे, आता खारघरला फ्लॅटमध्ये. आधी कुरबुर झाली, मग दोन्ही घरं मानली. पत्रिका छापायला जायच्या आधी केयूरची आई विमलबाई म्हणाली, "एकदा महाराजांचा कौल घेऊ या. आमच्याकडं आता शुभकार्याला तेच करतात." केयूर महाराजांचे व्हिडिओ बनवून नेटवर टाकायचा, त्यामुळे नंबरही पटकन लागला. माझा भाऊ दिलीप तयार झाला. मी शाळेत विज्ञान शिकवते, मी कपाळावर हात मारला. पण जाई म्हणाली, "जाऊ दे ना आत्या. दोन मिनिटं लिहायचंय. सासूबाई खूश होतील. मला काय टेन्शन?"

खरंच, तिला कसलं टेन्शन असणार?

महाराजांचा शिष्य कान्हाभाऊ, आडव्या अंगाचा, मिशीवाला, त्याने आधी केयूरला पेन दिलं. केयूरने लिहिलं, "माझं मन जाईपाशी आहे." रुमाल फिरला. एक कानाही हलला नाही. टाळ्या.

मग जाईला पेन दिलं. दिसायला तसंच, काळं, सोनेरी कडीचं. तिने लाजत लिहिलं, "माझ्या मनात केयूरशिवाय कोणी नाही."

रुमाल फिरला. 'केयूर' या नावापासून 'नाही'पर्यंत निळा ओघळ.

कोणी टाळी वाजवली नाही. महाराजांनी डोळे मिटून घेतले. "पोरी, मी काही बोलणार नाही. शाई बोलली."

जाई हसली. तिला वाटलं, आत्ता सगळे हसतील. तिने केयूरकडे पाहिलं. तो मोबाइलकडे बघत होता. मग तिने बापाकडे पाहिलं, आणि तिचं हसू तिथेच विझलं, कारण दिलीपची मान खाली गेली होती.

गाडीत बसल्यावर तो बोलला. "कोन हाय तो?"

"कोण कोण? बाबा, तुमी काय बोलताय?"

"शाई काय आपल्याला वलखते? ती कशाला खोटं बोलंल?"

"आणि मी बोलेन?" जाई म्हणाली. "मला ओळखता ना तुमी? मग मला का नाय विचारत?"

"दादा, गाडी बाजूला घे आणि माझं ऐक," मी म्हटलं.

"वैशे, तू गप रव. तुला सगल्यान्‌च खोट दिसते."

उरण येईपर्यंत मागच्या सीटवरून हुंदकासुद्धा आला नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. विमलबाईचा फोन आला, पत्रिकेचं तूर्त थांबवा म्हणून. केयूर जाईचे फोन उचलेना. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, आणि ज्यांनी जाईला मांडीवर खेळवलं होतं त्या बायका तिच्या मोबाइलवर नजर ठेवू लागल्या.

मला मात्र एकच गोष्ट सतावत होती. केयूरने लिहून संपवलं, त्या क्षणी कान्हाभाऊने त्याच्या हातातून पेन काढून टोपण लावलं होतं, बाळाला टोपडं घालावं तशा काळजीने. जाईचं पेन मात्र तसंच उघडं चौरंगावर पडून होतं. एवढी निगा एकाच पेनाची का?

या प्रश्नाचं उत्तर माझ्याच पर्समध्ये होतं. मी जाईला स्वयंपाकघरात बोलावलं, ओट्यावर कागद पसरला.

"हे माझं शाळेचं पेन. यात पटकन सुकणारी शाई आहे. डावखुऱ्या माणसाला वरदान. बघ." मी लिहिलं, लगेच बोट फिरवलं. अक्षर जागच्या जागी.

"महाराजांचा चमत्कार!" जाई पहिल्यांदा जरा हसली.

"चमत्कार नाही, ही शाई कागदात लगेच शिरते. वर राहतच नाही, मग पुसणार काय? साधी शाई वर तळं करून बसते, सावकाश वाळते. पण पटकन सुकण्याचा तोटाही आहे. अक्षराच्या कडा फुटतात. आणि कागद उलटून बघ."

तिने उलटला. मागे निळे ठिपके आले होते, अक्षरांची उलटी सावली.

"अजून एक. ही कागदावर पटकन सुकते, तशी निबमध्येही सुकते. टोपण उघडं राहिलं की पेन बसतं. म्हणून मी वर्गात बोलत असले तरी टोपण लावते."

जाईने कागद पुन्हा सुलटा केला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे दोन पेनं होती. दोन शाया."

"हो. तुझ्या खरेपणाला ओली दिली."

"पण का? माझं काय वाकडं होतं महाराजांशी?"

ते मलाही कळत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी फेरकौल मागितला तो विमलबाईने. तिचा जीव होता जाईवर. "पोरीला परत एकदा लिहू द्या की, महाराज," तिने हात जोडले. जाई यायला तयार नव्हती. "मला त्या शाईकडून सर्टिफिकेट नको, आत्या."

"तुझी परीक्षा नाही," मी म्हटलं. "शाईची आहे."

दरबार भरला. कान्हाभाऊने दोन पेनं चौरंगावर ठेवली. मी उठून नमस्कार केला, अगदी वाकून. "महाराज, एवढं सत्य सांगणाऱ्या लेखण्या. कौलाआधी त्यांना ओवाळायचं का? आमच्याकडे हळदीलासुद्धा गाणं म्हणतात."

बायका लगेच म्हणाल्या, "हो हो, ओवाळा!" महाराज खूश झाले. केयूर कोपऱ्यात कॅमेरा लावून उभा होता. मी दोन्ही पेनांची टोपणं काढली. कान्हाभाऊ धावला.

"टोपण राहू दे, ताई."

"का रे भाऊ? देवाला झाकून ओवाळतात का?"

सगळे हसले. तो महाराजांकडे बघत राहिला. आणि मी गायला लागले. आरती झाली, मग राजाबाईच्या ढंगाचे धवले, एकामागून एक. उरणच्या बायकांनी सूर धरला, खारघरच्या बायकांनी टाळ्या धरल्या. वर पंखा गरगरत होता. महाराज मधे दोनदा म्हणाले, "पुरे आता." पण हळदीच्या गाण्याला पुरे कोणी म्हणतं का? कान्हाभाऊच्या कपाळावर घाम आला होता. त्याच्या मनाचं व्हायब्रेशन असावं.

गाणं संपलं. गेल्या वेळेसारखं कान्हाभाऊने आधी केयूरला त्याचं पेन दिलं, तो लिहू लागला. कागदावर नुसता ओरखडा. झटकलं, पुन्हा ओरखडा.

"मुलाचं मन आज मौनात आहे," महाराज म्हणाले.

"मन नाही, निब," मी म्हटलं. "पाण्यात बुडवा, मौन सुटेल."

पेल्यातल्या पाण्यात निब बुडवून मी ते पेन कागदावर ओढत राहिले. पाणी निघून गेलं, शाई उतरली. मग मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दोन आणि दोन पाच', आणि महाराजांचाच रुमाल उचलून वरून फिरवला. पाच ठणठणीत. जाईच्या पेनाने लिहिलं, 'दोन आणि दोन चार'. रुमाल फिरवला. चारचा चिखल झाला.

"बघा," मी कागद वर धरला. "महाराजांच्या दरबारात दोन आणि दोन पाच. शाई बोलली."

मागून एक पोरगं खो खो हसलं, मग सगळी जिम हसली. मी कागद उलटला. पाचची निळी सावली मागे उमटली होती, चारची नाही. दोन्ही शायांचं सगळं सांगितलं, जसं जाईला ओट्यापाशी सांगितलं होतं. टायवाला मुलगा पुढे आला, त्याने स्वतः लिहून, पुसून, कागद उलटून पाहिला. मग आणखी दोघं आले. महाराज मांडी मोडून उठू लागले तेव्हा त्यांच्याभोवती जागा उरली नव्हती.

"माझं काही म्हणणं नाही," मी म्हटलं. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. पेनं इथेच आहेत, स्वतः लिहून बघा. फक्त एक करा. आपल्या माणसाचं खरंखोटं जाणून घ्यायचं असेल तर त्याला समोर बसवून विचारा. आठ आण्याच्या शाईला विचारून लेकीला परकी करू नका. शाईला मन नाही. मन आपल्या लोकांना आहे, आणि ते दुखतं."

दिलीप जाईसमोर येऊन उभा राहिला. हात पुढे केला, पण तो तिच्या डोक्यापर्यंत पोचला नाही.

"बाबा, तुमी मला एकदा पण विचारलं नाय," ती म्हणाली. एवढंच.

विमलबाईने महाराजांची वाट अडवली. "पण का? आमच्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलं होतं? का तिचं पुसलंत?"

"मला कशाला धरता, बाई?" महाराजांचा माइकवरचा आवाज गेला होता, उरला होता तो साधा, चिडलेला माणूस. "मला तुमच्या सुनेशी काय करायचंय? दोन्ही पेनं माहीत असलेला माणूस तुमच्याच घरात आहे. शूटिंग करतो तो. त्यानंच सांगितलं, पोरीचं पुसा म्हणून."

पंखा फिरत होता. जुन्या आरशांत आम्ही सगळे केयूरकडे वळलेले दिसत होतो, दोनदोनदा. तो पुन्हा कॅमेऱ्यामागे जाऊन उभा होता आणि कॅमेरा अजून चालू होता.

"केयूर?" जाई म्हणाली. त्या एका हाकेत अजून थोडी आशा होती. मला ती ऐकवेना.

"मी... तसं नव्हतं गं," तो म्हणाला. "म्हणजे असं होईल असं नव्हतं वाटलं. तुझे बाबा तुला असं..."

"तू सांगितलंस?"

"आई इतकी खूश होती. तू साड्या घेत होतीस. रोज ठरवायचो, आज बोलू. नाही जमलं." त्याने आईकडे पाहिलं, तिने तोंड फिरवलं होतं. मग त्याला जाईकडेच बघावं लागलं.

"तू लिहिलंस ते खरं होतं. खोटं मी लिहिलं," तो म्हणाला. "मला लग्न नाही करायचं, जाई. कधीपासून नाही करायचं."